उत्तराताईंचा चिकट्या

ज्या रोगावर उत्तराताईंनी उभं आयुष्य घातलं, त्याच रोगाने त्यांचा भाऊ गेला. हे आधीच सांगून टाकते. कारण ही हकीकत सांगायला घेतली की ऐकणारा मध्येच मला थांबवतो आणि विचारतो, "मग वाचला का तो?" नाही वाचला. आता पुढचं ऐका.

नोएडातल्या एका सरकारी संशोधन संस्थेत मी नोकरी करते. शास्त्रज्ञ वगैरे नाही. लॅबमधली यंत्रं, रसायनं, नमुने, कुलपं-किल्ल्या हे सगळं मी सांभाळते. उत्तरा खोब्रागडे तिथल्या एका लॅबच्या प्रमुख होत्या. पहिल्या दिवशी मी शब्द जुळवून-जुळवून इंग्रजीत बोलत होते. त्यांनी माझं आडनाव वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, "मराठी न तू? मग इंग्रजी काहून झाडून राहिली?"

मी म्हटलं, "मॅडम, माझं मराठी दिल्लीचं आहे. तिथल्या द्वारकेत वाढलेय. मध्ये मध्ये हिंदी येतं."

"येऊ दे. माझं नागपूरचं आहे. दोघी मिळून एक बरं मराठी होईल."

तेव्हापासून चार लोकांत त्या मॅडम आणि दोघीच असलो की ताई. मला मंजिरी कधीच म्हणाल्या नाहीत. मंजे.

लहानखुरी मूर्ती, सुती साडी, त्यावर पांढरा कोट आणि खाली पळायला जाणाऱ्या मुलांसारखे बूट. हसल्या की कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला कळायचं की मॅडम आल्या. बोलायला तर इतक्या की चहा गार व्हायचा, पण वाक्य संपायचं नाही. पण हीच बाई एका टेबलावर बसली की मुकी व्हायची. ते आरएनएचं टेबल. हा आरएनए भारी नाजूक प्रकार, हाताचा घाम लागला, तोंडातून बारीकशी थुंकी उडाली तरी मोडून जातो. म्हणून त्या टेबलाशी बोलायचं नाही, असा ताईंचा नियम. मग तिथे सगळा कारभार भुवयांवर चालायचा. एक भुवई वर म्हणजे बर्फ आण. दोन्ही वर म्हणजे काय गोंधळ घातलास. एकदा मंत्रालयातून कोणी बडे साहेब लॅब बघायला आले आणि त्याच टेबलाशी उभे राहून भाषण करायला लागले. ताईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि दोन्ही भुवया वर. साहेब शाळेतल्या पोरासारखे गप्प! आम्ही सगळे फ्रीझरच्या मागे जाऊन हसलो.

त्यांचं काम होतं एका प्रोटीनवर. त्याचं खरं नाव म्हणजे इंग्रजी अक्षरं आणि एक आकडा. ताई त्याला चिकट्या म्हणायच्या. मग मेरठची शिवानी काय, केरळचा मुलगा काय, सगळी लॅब चिकट्याच म्हणायची. हा चिकट्या करतो काय, ते मला ताईंच्या भावाने सांगितलं. मिलिंदने.

मिलिंद ताईंपेक्षा खूप धाकटा. आई-वडील पाठोपाठ गेले तेव्हा तो शाळेत होता आणि ताई दिल्लीत नुकत्या नोकरीला लागल्या होत्या. नागपूरला जाऊन त्यांनी त्याचा शाळेचा दाखला काढला आणि त्याला मयूर विहारच्या घरी घेऊन आल्या. तिथेच वाढवला, शिकवला, लग्न करून दिलं. स्वतः केलं नाही. का नाही केलं विचारलं तर म्हणायच्या, "वेळच नाही मिळाला बाप्पा." मिलिंद एका वाहिनीत व्हिडिओ एडिटर होता. ऑफिस आमच्या जवळच. दुपारी अधूनमधून यायचा, ताईंचा डबा उघडायचा आणि पाटवडीचा रस्सा अर्धा संपवूनच बोलायला लागायचा. नकला तर अशा करायचा की ताईसुद्धा डोळे पुसत हसायच्या.

तर मिलिंद सांगायचा, ताईंच्या सोसायटीत एकदा लिफ्टपाशी नोटीस लागली, कल पानी नहीं आएगा, भरकर रखें. कोणीतरी ती रुंद टेप लावून पक्की चिकटवली. दुसऱ्या दिवशी पाणी नव्हतं, तिसऱ्या दिवशी आलं. नोटीस मात्र तशीच. जो येईल तो वाचायचा आणि बादल्या भरायचा. एका काकूंनी टब भरायला लावला आणि त्या देवळात गेल्या. खालच्यांच्या छतातून धार लागली. मीटिंगमध्ये ही भांडणं. तेव्हा म्हणे ताई उठल्या (इथे मिलिंद चष्मा कपाळावर सरकवायचा) आणि म्हणाल्या, "देखिए, नोटिस ग़लत नहीं थी. काम होने के बाद किसी ने उतारी नहीं, ये बीमारी है. मैं ऑफिस में इसी पर काम करती हूँ." आणि सगळ्या सोसायटीला त्यांनी आतडं समजावून सांगितलं. आतड्याचं अस्तर सारखं झिजतं आणि सारखं नवं होतं. त्यासाठी पेशीत चिठ्ठी निघते, वाढ. ती चिठ्ठी म्हणजे आरएनए. काम झालं की चिठ्ठी फाडून टाकायची असते. पण चिकट्या टेपसारखा तिला धरून बसला, तर चिठ्ठी फाटत नाही. पेशी बिचारी रोज वाचते, वाढ, वाढ, आणि वाढत सुटते. त्यालाच कॅन्सर म्हणायचं.

"और इतना बड़ा लेक्चर सुनके," मिलिंद म्हणायचा, "शर्मा आंटी बोलल्या, अच्छा, तो टेप कौन से ब्रांड की थी?"

लोकांना वाटायचं की असल्या कामामागे काहीतरी दुःख असणारच. पत्रकार मुली यायच्या आणि हळुवार आवाजात विचारायच्या, मॅम, घरात कोणाला झाला होता का? ताई सरळ सांगायच्या, "नाही हो. प्रोटीन आवडलं." मुलींचा चेहरा पडायचा.

दुसरा त्रास डॉक्टर या शब्दाचा. दारावर डॉ. लिहिलेलं बघून अख्खी सोसायटी ताईंकडे गुडघे, ॲसिडिटी, नातवाचा खोकला घेऊन यायची. ताई दारातूनच सांगायच्या, "मी ती डॉक्टर नव्हे." हिंदीत, मराठीत, वेळ आली तर हातवारे करून. कोणी फारच मागे लागलं तर रागवायच्या. म्हणायच्या, अर्धवट माहितीने माणूस मरतो, ज्याचं काम त्याला करू द्या. शेवटी पाटीवरून डॉ. काढूनच टाकलं. मिलिंद म्हणाला, "निदान कंपाउंडर तरी लिही यार."

आमचे नमुने पूर्व दिल्लीतल्या एका मोठ्या हॉस्पिटलमधून यायचे. आतड्याचं ऑपरेशन झालं की कापलेला भाग आधी पॅथॉलॉजीच्या खोलीत जातो. तिथले डॉक्टर त्यांना लागणारं ठेवून घेतात आणि पेशंटने परवानगीची सही दिलेली असेल तर उरलेला तुकडा आम्हाला मिळतो. तो तिथल्या तिथे लिक्विड नायट्रोजनमध्ये गोठवायचा. शरीरातून बाहेर आला की त्यातला आरएनए मोडायला लागतो, म्हणून घाई, आणि थिएटरपासून त्या खोलीपर्यंत डबा आमचंच माणूस नेतं. एकदा आमचा एक मुलगा बर्फाचा डबा घेऊन ऑपरेशन थिएटरच्या दारातून धावत सुटला. बाहेर नातेवाईक बसलेले. डबा घेऊन आतून कोणी पळतंय बघून एका म्हाताऱ्या आईने किंकाळीच फोडली. तिला वाटलं, आपला मुलगा गेला. तिला शांत करता करता सगळं हॉस्पिटल जमा झालं. ताईंना कळलं तेव्हा त्या स्वतः तिथे गेल्या, त्या बाईंच्या शेजारी बराच वेळ बसल्या आणि परत येऊन नियम केला. धावायचं नाही. भरभर चालायचं. थोडा आरएनए गेला तर जाऊ दे. "त्या बाकावर बसलेल्या माणसाला फक्त आपलं तोंड दिसते, मंजे. ते नीट ठेवायचं."

आता मिलिंदचं सांगते.

एका दुपारी तो डबा खायला आला आणि खाता खाता म्हणाला, "ताई, पोट गडबड आहे यार. कधी कधी रक्त पण पडतं. मूळव्याध असेल. काय घेऊ?"

ताई एक अहवाल वाचत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी ती डॉक्टर नव्हे. जाऊन दाखव."

"तू बोल ना काहीतरी."

"दाखव म्हटलं न! मला नको विचारू."

तो हसला. "बघ, सगी बहन," असं मला म्हणाला आणि उरलेला रस्सा ओतून घेतला. मी तिथेच होते. मलाही त्यात वेगळं काही वाटलं नाही. ताईंना वाटलं तो डॉक्टरकडे जाऊन आला. त्याने कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून मलम घेतलं आणि विसरून गेला. मध्ये काही महिने गेले. मग एकदा आला तेव्हा शर्ट हँगरवर अडकवल्यासारखा दिसत होता. डबा उघडला, वास घेतला आणि झाकण लावून टाकलं. ताईंनी त्याच्याकडे बघितलं आणि त्यांचा घास हातातच राहिला.

बाकीच्यांना डॉक्टर समोर बसवून हळूहळू सांगतात. ताईंना कोणी काही सांगायची सोयच नव्हती. रिपोर्टचा पहिला परिच्छेद वाचला आणि त्यांना सगळं कळलं. कितव्या टप्प्यावर आहे, कुठपर्यंत गेलंय, पुढे काय होणार. माझ्या हातात कागद दिला आणि म्हणाल्या, "मी ती डॉक्टर नव्हे, हे बाहेरच्यांना सांगायचं. मी घरात सांगितलं, मंजे. बाकी काही नाही." त्यानंतर लॅबमध्ये कोणी त्यांचं ते हसणं ऐकलं नाही.

नागपूरहून मावशांचे, काकांचे फोन यायला लागले. सगळ्यांचं एकच. घरातच एवढी मोठी बाई आहे, पोराला काय होते? खुद्द मिलिंदही तसाच. सोनलला, म्हणजे त्याच्या बायकोला, तोच धीर द्यायचा. "अगं, चिकट्याची मालकीण माझी बहीण आहे. टेन्शन काय?" सोनल ताईंकडे बघायची. ताई खिडकीबाहेर बघायच्या.

ऑपरेशन ठरलं. हॉस्पिटलची बाई नेहमीप्रमाणे परवानगीचा फॉर्म घेऊन आली. ताई पटकन म्हणाल्या, "ह्याचं राहू द्या." मिलिंद पलंगावर उठून बसला.

"का राहू द्या? सगळ्या दिल्लीचे तुकडे गोळा करतेस, माझा नको?"

"तुझा नको."

"का पण?"

त्याने सही केली आणि पेन परत देताना म्हणाला, "चलो, शेवटी मी पण तुझ्या कामाला आलो."

त्या दिवशी नमुना आणायला ताईंनी मला पाठवलं. शिवानीला नको, तिचे हात थरथरतील म्हणाल्या. माझे नाही थरथरणार असं त्यांना का वाटलं, देव जाणे. थिएटरचं दार उघडलं, सिस्टरने डबा हातात दिला. समोरच बाकावर ताई आणि सोनल. सोनल उठून उभीच राहिली. मी तोंड नीट ठेवलं आणि चालले. भरभर, पण चालले. जाता जाता दिसलं, ताईंनी डब्याकडे बघितलं आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. सवयीने. किती वेळ लागतोय ते. आणि आपण काय बघितलं ते लक्षात येताच कुणी थोबाडीत मारल्यासारखी त्यांनी मान खाली घातली.

पॅथॉलॉजीच्या डॉक्टरांनी तुकडा दिला, मी तो छोट्या नळीत घातला. हॉस्पिटलने वर त्यांचा सांकेतिक नंबर चिकटवला. आमच्याकडे नाव कधीच येत नाही, तो नियमच आहे. कोणाचा नमुना आहे ते माहीत असलं की हात आणि डोळे दोन्ही लबाडी करतात, असं ताईंचं म्हणणं. पण ही नळी मीच भरली होती. नंबर मी बघितला होता. आता तो विसरायचा कसा, मला सांगा! संध्याकाळी ती इतर नळ्यांबरोबर उणे ऐंशी अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये गेली. ताईंनी मला विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

ऑपरेशननंतर थोडे दिवस बरे गेले. मग किमो. मग यकृतात दिसलं. मग डॉक्टरांनी सांगितलं, आता आपण त्रास कमी करायचं बघू.

सोनलने त्याला मयूर विहारलाच आणून ठेवलं होतं. मी एका दुपारी ताईंच्या सह्या घ्यायला गेले. मिलिंद दिवाणावर पडला होता. पोट फुगलेलं आणि हातपाय काड्या. टीव्ही आवाज बंद करून चालू होता आणि तो नुसती चित्रं बघत होता. ताई पाय चेपत बसल्या होत्या.

"ताई, ती बाटली दे ना मला."

"कोणती?"

"तुला माहीत आहे कोणती. चिकट्याला सोडवते ती."

बाटली होती, हे खरं. लॅबच्या लहान फ्रीजमध्ये, कुलपात. त्यातलं औषध बशीत वाढवलेल्या पेशींवर टाकलं की चिकट्याची पकड सुटायची, चिठ्ठ्या फाटायला लागायच्या, वाढ थांबायची. ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा आम्ही समोसे आणले होते, मिलिंदनेही खाल्ले होते. उंदरांवर नुकतीच सुरुवात झाली होती. काही उंदरांच्या गाठी आकसल्या होत्या. काही उंदीर सरळ मेले होते, आणि का मेले ते कळत नव्हतं.

"ते बशीतल्या पेशींसाठी आहे, बाळा."

"उंदरांना पण देतेस."

"मेलेत त्याने काही."

"अन् मी काय करून राहिलो?"

हे तो मुद्दाम त्यांच्या नागपुरी बोलीत म्हणाला. एरवी नक्कल केली की सगळे हसायचे.

ताई म्हणाल्या, "माणसाला किती द्यायचं, कसं द्यायचं, कोणालाच ठाऊक नाही. मला पण नाही. तू तडफडून जाशील."

"मी सही करून देतो यार. तुझ्यावर काही येणार नाही."

"मिलिंद, मला नाही देता येणार."

"उंदरांना देतेस, मला नाही?" तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. ताईंचे हात त्याच्या पायांवर तसेच राहिले. मी सह्या न घेताच निघाले. मेट्रोत कोपऱ्यात तोंड करून उभी राहिले आणि नोएडापर्यंत रडत आले.

दुसऱ्या दिवशी ताईंनी मला बोलावलं. लहान फ्रीजची त्यांच्याकडची किल्ली माझ्या हातात ठेवली. "दुसरी पण ही घे. दोन्ही तुझ्याजवळ ठेव. मी मागितल्या तरी देऊ नको."

मला वाटलं, नुसतं बोलायचं म्हणून बोलल्या. पण काही दिवसांनी, भर दुपारी, सगळे जेवायला गेलेले असताना त्या माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"मंजे, किल्ली."

"ताई, तुम्हीच सांगितलं होतं..."

"आता मी मागून राहिली न. दे."

"नाही देणार."

"मी बॉस आहे तुझी."

"हो. तरी नाही देणार."

त्यांनी टेबलाची कड धरली. एवढी शिकलेली, साहेबांना भुवईने गप्प करणारी बाई माझ्यापुढे हात पसरून उभी. "अगं, तो मला ताई नाही म्हणत आता," त्या म्हणाल्या. "चार दिवस झाले. नुसतं ऐक म्हणतो, ऐक गं म्हणतो." मी ड्रॉवरवर हात दाबून बसले होते. मला वाटलं, आता ओरडतील, हिसकावतील. त्यांनी पसरलेला हात मागे घेतला आणि परत गेल्या. मी केलं ते बरोबरच होतं. पण त्या दिवसाइतकी मला माझी नोकरी कधी नकोशी झाली नाही.

मिलिंदचा राग शेवटी शेवटी गेला. राग धरायलाही ताकद लागते, तेवढी उरली नव्हती. एका सकाळी मी नारळपाणी घेऊन गेले तेव्हा ताई त्याला चमच्याने पेज देत होत्या. तो म्हणाला, "ताई, माझ्यात चिकट्या आहे का गं?"

"असेल."

"बघून सांग ना."

"बघीन."

"पण माझा तुकडा कुठला ते विचारू नकोस हां. उगाच माझे मार्क वाढवशील."

ताई हसल्या. खरंच हसल्या. पेज त्याच्या हनुवटीवर सांडली आणि त्यांनी ती पदराने पुसली. तो पुन्हा त्यांना ताई म्हणाला होता, माझ्यासमोर म्हणाला. तो गेला त्या आठवड्यात, घरीच.

त्यानंतर ताई रोज लॅबमध्ये यायच्या. वेळेवर यायच्या, सगळं करायच्या. फक्त त्या नळ्यांचा खोका उघडायच्या नाहीत. आमच्या कामात एक वाईट गोष्ट आहे. तुकड्यात काय चाललं होतं ते वाचायचं तर तो तुकडा मोडावा लागतो. पीठ करायचं, द्रवात विरघळवायचं, यंत्रात घालायचं. मग तो उरत नाही. पुन्हा फ्रीझरमध्ये ठेवायला काही राहत नाही. शिवानीचा प्रबंध त्या खोक्यावर अडला होता. पोर चांगली, तिने एकदाही विचारलं नाही. दर सोमवारी ताईच म्हणायच्या, "पुढच्या आठवड्यात करू." शिवानी म्हणायची, "कोई बात नहीं मैम." मी बघायचे, ताई फ्रीझरपाशी जायच्या, हँडलवर हात ठेवायच्या, दारावरचा तापमानाचा आकडा वाचायच्या आणि परत यायच्या. मिलिंदचा एवढाच भाग जगात शिल्लक होता आणि तो आमच्या फ्रीझरमध्ये होता. कोण उघडेल?

पुढे शिवानीचा प्रबंध झाला. त्या खोक्यातल्या बऱ्याच नमुन्यांत चिकट्या सापडला, काहींत नाही. ते सगळं तिने आलेख काढून छापलं आहे. ताई निवृत्त होऊन नागपूरला राहायला गेल्या. सोनल सुट्टीत त्यांच्याकडे जाते. माझ्याशी फोनवर बोलतात, माझ्या मराठीला नावं ठेवतात. पण ताई म्हटलं की मला दिसते ती एकच सकाळ.

त्या सकाळी आल्या त्या सरळ कोट चढवूनच. म्हणाल्या, "आज करू." शिवानी उठली, तर तिला बसवलं. "तू नाही. मी करते." चिनी मातीचा खल काढला, नायट्रोजनची टाकी जवळ ओढून घेतली. मी खोका आणून दिला. त्यांनी नळ्या उलट्यासुलट्या करून क्रम मोडला आणि मग माझ्याकडे वळल्या.

"तू बाहेर जा."

"मी मदत करते ना, ताई."

"तुला ठाऊक आहे कोणता ते. तुझ्या तोंडावर दिसेल."

मी बाहेर गेले. दाराला काच आहे, त्यातून मला त्यांची पाठ दिसत होती. नायट्रोजन ओतला की पांढरी वाफ टेबलावरून खाली उतरायची आणि त्यांच्या बुटांभोवती जमायची. मग खलाचा आवाज. गोठलेला तुकडा आधी दगडासारखा वाजतो, मग खडखडतो, मग आवाज बारीक होत होत बंद पडतो. त्या थांबायच्या, पीठ नळीत भरायच्या, खल बदलायच्या आणि पुढचा घ्यायच्या. इतरांना हे काम मी कित्येकदा करताना बघितलं आहे. पोरं धडाधड कुटतात, गाणी ऐकत कुटतात. ताई एकेका तुकड्याला असा वेळ देत होत्या, जसं झोपलेल्या माणसाच्या उशाशी काम करावं. मी काचेला कपाळ टेकवलं. त्यातला मिलिंद केव्हा होऊन गेला, मला कळलं नाही.

दुपार झाली तेव्हा दार उघडलं. ताई बाहेर आल्या, हातमोजे काढले आणि कॉरिडॉरमधल्या बाकावर बसल्या. बोटं गारठून पांढरी पडली होती. मी शेजारी बसले आणि त्यांचे हात माझ्या हातांत घेऊन चोळायला लागले. त्या समोरच्या भिंतीकडे बघत होत्या.

"कोणाचंच काही सांडू दिलं नाही मी," त्या म्हणाल्या.

"हो ताई."

"सगळ्यांना सारखं कुटलं न मी? खरं सांग मंजे. तू बघून राहिली होती. एखाद्याला हळू, असं नाही न झालं?"

"नाही ताई," मी म्हटलं. "सगळ्यांनाच हळू."

त्यांनी मान हलवली. मग माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि मिलिंद गेल्यापासून पहिल्यांदा, मोठ्याने, सगळ्या कॉरिडॉरला ऐकू जाईल असं रडल्या.